रोमशी लढलेले वीर आणि खडकीचा मलिक अंबर



चिकलठाणा म्हटलं की आज विमानतळ आठवतो, औद्योगिक वसाहत आठवते, जालना रस्त्यावरची वाहनांची गर्दी आठवते. याच बाजूनं पूर्वेकडे जात राहिलं की पुढे बदनापूर तालुका लागतो आणि त्या तालुक्यात रोषणगाव आहे. १६१६ च्या फेब्रुवारी महिन्यात या गावाजवळ एक मोठी लढाई झाली. एका बाजूला जहांगीर बादशहाची फौज होती, तिचा सेनापती शाहनवाज खान. दुसऱ्या बाजूला निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर. दोन्ही फौजांच्या मध्ये ओढा होता आणि त्याचे काठ दलदलीचे होते. अंबरचे घोडेस्वार त्या चिखलात अडकले, समोरून बाणांचा आणि गोळ्यांचा मारा झाला, आणि दिवस मावळेपर्यंत अंबरचा पराभव झाला. मोगल फौज तशीच पुढे सरकली आणि तिनं खडकी गाठली. सहाच वर्षांपूर्वी, १६१० मध्ये अंबरनं वसवलेलं हे शहर तिनं जाळलं, पाडलं. खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर.

मोगल फौज मागे फिरली आणि अंबरनं शहर पुन्हा उभं केलं. १६२१ मध्ये शहजादा शाहजहानच्या फौजेनं ते दुसऱ्यांदा उद्ध्वस्त केलं. ते पुन्हा उभं राहिलं.

मोठ्या साम्राज्याशी लढलेल्या वीरांची तुलना जगभरचे अभ्यासक करतात, आणि तिथे बहुतेक वेळा रोम असतो. स्पार्टाकस, व्हिरिआथस, व्हर्सिंजेटोरिक्स, आर्मिनियस, राणी बूडिका ही नावं एका रांगेत मांडली जातात. त्या रांगेत आपल्या खडकीच्या मलिक अंबरला उभं करून पाहावं असं मला फार दिवसांपासून वाटत आलं आहे. ही ओढूनताणून केलेली जुळणी नाही. रोम आपल्या मराठवाड्याला कधी परकं नव्हतंच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या प्रवासवृत्तात आपल्या पैठणचं नाव आहे, तेर म्हणजे तगर नगरीचं नाव आहे. पैठणहून अकीकासारखे दगड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात आणि तिथून रोमन जगात पोचत. त्याच शतकात तिकडे ब्रिटनमध्ये राणी बूडिका रोमची ठाणी जाळत होती. पैठणच्या बाजारात तिची वार्ता पोचली नसेल, पण ज्या साम्राज्याच्या सोन्यावर तो बाजार फुलला होता, त्याच साम्राज्याशी ती लढत होती.

आणखी एक धागा आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. १६१७ मध्ये पीटर व्हान डेन ब्रुक नावाचा डच व्यापारी दख्खनमधून प्रवास करत असताना मलिक अंबरला त्याच्या छावणीत भेटला. त्यानं अंबरचं वर्णन लिहून ठेवलं आहे. उंच, धिप्पाड, काळ्या वर्णाचा हबशी, आणि चेहरा मात्र कठोर, एखाद्या रोमन माणसासारखा. मोगलांना सतावणारा हा वृद्ध सेनानी पाहून त्या युरोपीय माणसाला रोम आठवलं.

अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास आजच्या इथिओपियात झाला. त्याचं मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. येमेन, बगदाद अशा बाजारांतून हात बदलत तो दख्खनमध्ये आला. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान यानं त्याला विकत घेतलं. हा चंगेजखान स्वतः हबशी होता आणि एके काळी तोही गुलाम होता. मालकाच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला, काही काळ विजापूरकरांकडे राहिला आणि मग निजामशाहीत परतला. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, चांदबिबी मारली गेली. निजामशाही संपली असं दिल्ली-आग्र्याला वाटलं असेल. अंबरनं निजामशाही घराण्यातला एक वारस शोधून काढला, परांड्याला त्याला गादीवर बसवलं, आणि पुढची पंचवीस वर्षं त्या गादीच्या नावानं तो लढत राहिला.

गुलामगिरीतून आलेला सेनानी म्हटल्यावर स्पार्टाकस आठवणं साहजिक आहे. इसवी सन पूर्व ७३ मध्ये कापुआ इथल्या शाळेतून सत्तरेक ग्लॅडिएटर पळाले, व्हेसुव्हिअसच्या डोंगरावर गेले आणि बघता बघता हजारोंची फौज झाली. स्पार्टाकसनं दोन वर्षं इटलीतल्या रोमन फौजांना पाणी पाजलं. शेवटी क्रॅससनं त्याला गाठलं आणि जिवंत सापडलेल्या सहा हजार जणांना अॅपियन रस्त्याच्या कडेला क्रुसावर चढवलं. शौर्यात हे दोघे एकमेकांना उणे नाहीत. फरक आहे तो ते ज्या जगात होते त्या जगाचा. रोममध्ये ग्लॅडिएटर गुलामाला तलवार मिळे ती आखाड्यात मरण्यासाठी, फौजेचं नेतृत्व करण्यासाठी नव्हे. स्पार्टाकसला जायला जागाच नव्हती. दख्खनमध्ये मात्र हबशी गुलाम लष्करातून वर चढत चढत पेशवा होऊ शके, आणि अंबरनं ते आपल्या मालकाच्या रूपात डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून अंबरला आपलं राज्य सोडून पळावं लागलं नाही. तो त्या राज्याचा खांब झाला.

लढण्याच्या रीतीत अंबरचा खरा भाऊ शोभतो तो व्हिरिआथस. आजच्या पोर्तुगाल-स्पेनच्या भागात लुसितानी लोक राहत. गाल्बा नावाच्या रोमन अधिकाऱ्यानं जमीन देतो असं सांगून त्यांना एकत्र जमवलं, शस्त्रं काढून घेतली आणि कत्तल केली. त्यातून वाचलेला व्हिरिआथस पुढे त्यांचा नेता झाला. इसवी सन पूर्व १४७ ते १३९ या काळात त्यानं रोमच्या सेनापतींना एकामागून एक नमवलं. हल्ला करायचा, पळाल्यासारखं दाखवायचं, शत्रू पाठीवर आला की अवघड जागी उलटायचं, रसद तोडायची.

मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. याला आपण गनिमी कावा म्हणतो आणि मोगल इतिहासकार याला बारगीगिरी म्हणत. १६११ मध्ये मोगल सरदार अब्दुल्लाखान गुजरातकडून मोठी फौज घेऊन दौलताबादवर चालून आला. अंबरच्या हलक्या घोडदळानं त्याला समोरासमोरची लढाई दिलीच नाही. चारा जाळला, धान्याचे तांडे लुटले, रात्री छावणीवर बाण सोडले. अब्दुल्लाखान आला तसा बागलाणातून परत गेला, आणि त्याच्या मागे अंबरचे स्वार होतेच. हे स्वार कोण होते? हबशी होते, पण त्यांच्यापेक्षा मराठे कितीतरी जास्त होते. खडकीतल्या मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा या वस्त्या मराठा सरदारांच्या नावानं वसल्या असं सांगितलं जातं. या मुलखातली वाट न् वाट जाणणाऱ्या माणसांशिवाय ही लढाई होणारच नव्हती.

अब्दुल्लाखान परतल्यानंतर, १६१२ मध्ये, अंबरनं खडकीत एक भव्य दरवाजा उभारला. तो भडकल दरवाजा. रोममध्ये विजयाची मिरवणूक साम्राज्य काढी आणि तिच्यात साखळदंडात बांधून बंडखोराला फिरवत. गॉल लोकांचा तरुण नेता व्हर्सिंजेटोरिक्स असाच सहा वर्षं कैदेत राहिला, इसवी सन पूर्व ४६ मध्ये सीझरच्या मिरवणुकीत रोमच्या रस्त्यांवरून चालवला गेला आणि मग मारला गेला. इथे मात्र बादशहा ज्याला बंडखोर म्हणत होता त्यानंच स्वतःच्या शहरात विजयाची कमान बांधली, आणि ती आजही उभी आहे. आपण तिच्याजवळून रोज ये-जा करतो.

व्हर्सिंजेटोरिक्सचं मला फार वाईट वाटतं. त्यानं डाव बरोबर मांडला होता. सीझरला दाणागोटा मिळू नये म्हणून त्यानं आपल्याच लोकांची वीसहून अधिक गावं एका दिवसात जाळायला लावली. गेर्गोव्हियाला सीझरला माघारही घ्यायला लावली. पण नंतर तो अलेसियाच्या तटबंदीत शिरला. सीझरनं बाहेरून तटांची दुहेरी रांग बांधली आणि आतल्या माणसांना उपासमारीनं शरण आणलं. अंबरनं ही चूक केली नाही. १६२१ मध्ये शाहजहानची फौज खडकीवर येतेय म्हटल्यावर त्यानं निजामशहाला आणि घराण्याला दौलताबादच्या किल्ल्यात हलवलं, आणि स्वतः फौज घेऊन बाहेर राहिला. शहर गेलं तर परत बांधता येईल, फौज कोंडली गेली तर सगळंच गेलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि हरलेल्या लढाईतून शिकणं पाहा. रोषणगावला ओढ्याकाठच्या चिखलानं त्याचा घात केला. आठ वर्षांनी, १६२४ मध्ये, अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि विजापूरकर दोघे मिळून त्याच्यावर आले. अंबरनं तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या तळात पाणी घुसलं, जमिनीचा राडा झाला, तोफा आणि हत्ती हलेनात, वर धान्याची टंचाई. रात्रीचे छापे सुरूच होते. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला, मोगल सरदार कैद झाले. शहाजीराजे या लढाईत अंबरच्या बाजूनं लढले आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी इथेच धारातीर्थी पडले. तेव्हा अंबरचं वय पंचाहत्तरीच्या पुढे होतं.

अंबर निर्मळ साधुपुरुष होता असं मी म्हणणार नाही. ज्या मुर्तजाला त्यानं गादीवर बसवलं, त्याच्याशी बिनसल्यावर १६१० मध्ये त्यानं त्याला विष घालून मारवलं असं समकालीन माणसं सांगतात. त्याच्या जागी त्यानं लहान मुलाला बसवलं. सत्ता कुणाच्या हातात आहे याबद्दल त्यानं कधी संदिग्धता ठेवली नाही. पण याच माणसानं जमिनीची प्रतवारी करून सारा ठरवला. पुढच्या मराठी कागदपत्रांत मलिकंबरीचा दाखला दिला जाई, इतकी ती पद्धत रुळली. आणि याच माणसानं खडकीला पाणी आणलं. जमिनीखालून, केवळ उताराच्या बळावर, डोंगरपायथ्याचं पाणी शहरात पोचवणारा नहर-ए-अंबरी हे माझ्या मते त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा मोठं काम आहे. पाणचक्कीचा नहर लोक त्याच्या नावावर घालतात, तो नंतरचा. अंबरचा नहर त्याच्या कितीतरी आधीचा, लढाया चालू असतानाचा.

रोमशी लढलेल्यांच्या रांगेत मला अंबर वेगळा दिसतो तो इथे. बूडिकानं तीन शहरं जाळली. लंडनच्या पोटात त्या आगीचा लालसर थर अजून सापडतो. आर्मिनियस रोमन फौजेतच वाढला, रोमचा नागरिक झाला, आणि इसवी सन ९ मध्ये जंगलात त्यानं रोमच्या तीन लिजनांचा, म्हणजे तीन मोठ्या पलटणींचा, पुरता नाश केला. पण पुढे त्याच्याच नातलगांनी त्याला मारलं. व्हिरिआथसनं रोमन सेनापतीला कोंडीत पकडूनही त्याच्याशी तह केला, आणि रोमनं तो तह मोडून त्याच्याच तीन माणसांना लाच देऊन झोपेत त्याचा खून करवला. या सगळ्यांना लढताना बांधायला वेळ मिळाला नाही, किंवा बांधण्याजोगं राज्य हाताशी नव्हतं. अंबरला मिळालं, आणि त्यानं ते बांधलं. त्याच्या सरदारांनाही मोगलांनी फोडलंच. लखुजी जाधवरावांसारखा मातब्बर सरदार त्याला सोडून गेला. तहात त्याला मुलूख द्यावा लागला, किल्ले द्यावे लागले. पण साऱ्याचा हिशेब, पाण्याचा नहर आणि गावोगावचे स्वार त्याच्याकडे होते, म्हणून दिलेला मुलूख तो पुन्हा मिळवू शकला.

जहांगीरनं एक चित्र काढवून घेतलं होतं. अबुल हसन या चित्रकाराचं ते चित्र आज डब्लिनच्या संग्रहालयात आहे. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर टोचलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. ते मुंडकं जहांगीरला प्रत्यक्षात कधीच मिळालं नाही. मलिक अंबर १४ मे १६२६ रोजी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षाच्या सुमारास वार्धक्यानं गेला आणि खुलताबादला त्याची कबर बांधली गेली. जहांगीर त्याच्यानंतर सुमारे दीड वर्षानं गेला. आणि ज्या दरबारात अंबरचं नाव शिवीशिवाय घेतलं जात नसे, त्याच दरबारातल्या मुतमद खानानं आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं की युद्धात, हुकमतीत आणि कारभारात या माणसाला जोड नव्हती. रोमच्या बाबतीतही असंच घडलं. आर्मिनियस जर्मनांचा मुक्तिदाता होता हे आपल्याला सांगतो तो इतिहासकार टॅसिटस रोमन होता. साम्राज्याशी लढलेल्यांची कहाणी पुष्कळदा शत्रूच्याच लेखणीतून आपल्यापर्यंत येते, आणि ती लेखणी एखाद्या वेळी प्रामाणिक निघते.

अंबरमागे त्याचा मुलगा फत्तेखान कारभारी झाला. त्यानं खडकीला फत्तेनगर नाव दिलं, पण वडिलांचं धैर्य त्याच्यात नव्हतं. १६३३ मध्ये त्यानं दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली केला आणि निजामशहा कैद झाला. निजामशाही दुसऱ्यांदा संपली. तेव्हा भातवडीला अंबरच्या बाजूनं लढलेल्या शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातला एक लहान मुलगा शोधला, पेमगिरीच्या किल्ल्यावर त्याला गादीवर बसवलं, आणि पुढची तीन वर्षं, १६३६ मध्ये माहुलीला तह करावा लागेपर्यंत, त्याच्या नावानं ते मोगलांशी लढले.