गाडीचं कुलूप: पैसे घालावेत का?

गाडी चोरीला जाऊ नये म्हणून बाजारात कुलपं, भोंगे, ट्रॅकर असं बरंच काही मिळतं. त्यावर पैसे घालावेत का, एवढाच आजचा विषय. दिल्ली, गुरुग्राम, इंदूर, बडोदा, कुठेही राहणारे आपले अनेक लोक गाडी रस्त्यावरच लावतात, त्यांच्यासाठी हे बोलणं.

फौजेत अडथळ्याचा एक नियम शिकवतात. तारेचं कुंपण असो की सुरुंग, त्यावर आपली नजर आणि आपला मारा हवा. नसेल तर शत्रू निवांतपणे तो दूर करतो. अडथळ्याचं काम शत्रूचा वेळ खाणं. गाडीच्या कुलपाकडेही याच हिशेबानं बघा.

आता चोर काय करतो ते पाहू. आजच्या बहुतेक गाड्यांत इमोबिलायझर कंपनीतूनच बसवलेला असतो. चावीतली चिप ओळखली नाही तर इंजिन सुरू होत नाही. हे यंत्र खरंच उपयोगी आहे. अमेरिकेत ह्युंदाई आणि किआच्या २०११ ते २०२१ दरम्यानच्या अनेक मॉडेलांत ते नव्हतं. २०२२ मध्ये समाजमाध्यमांवर युक्ती पसरली आणि पोरं यूएसबी केबलच्या टोकानं गाड्या सुरू करून पळवू लागली. शेवटी कंपन्यांनी पोलिसांमार्फत फुकट वाटलं काय, तर साधं स्टिअरिंग लॉक!

पण इमोबिलायझरलाही तोड निघाली आहे. काच फोडायची, स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला यंत्र जोडायचं आणि काही मिनिटांत नवी चावी तयार करायची. दिल्ली पोलिसांनी अशा टोळ्या पकडल्या आहेत. बटणानं सुरू होणाऱ्या गाड्यांत आणखी एक पद्धत चालते: एक चोर घराच्या दाराशी उभा राहून आतल्या चावीचा सिग्नल उचलतो, दुसरा गाडीपाशी तो वापरतो. त्यासाठी सिग्नल अडवणारी पिशवी मिळते. घेतलीत तर चावी आत ठेवून गाडीजवळ उभे राहा. दार उघडलं तर पिशवी परत करा.

म्हणजे चोर इलेक्ट्रॉनिक मार्गानं येतो. म्हणून माझं मत असं की पहिला पैसा लोखंडावर घाला. गिअर लॉक किंवा स्टिअरिंग लॉक साधारण दोन-तीन हजारांत येतं. लॅपटॉप घेऊन आलेल्या चोराला आता करवतही काढावी लागते. शिवाय ते काचेतून दिसतं. शेजारी बिनकुलपाची गाडी असेल तर तो तिकडे वळतो. शेजाऱ्याचं वाईट होतं खरं. त्यालाही एक घ्यायला सांगा.

भोंग्यावर मात्र माझा विश्वास नाही. मांजर उडी मारली तरी तो वाजतो, आणि रात्री दोनला कोणी खिडकीत येत नाही. नजर नसलेला अडथळा तो हाच. जीपीएस ट्रॅकर चोरी रोखत नाही, गाडी शोधायला मदत करतो. जॅमरनं तो बंद पाडता येतो, तरी नीट लपवलेला असेल तर उपयोग होतो. तो बसवताना कोणी वायरिंग कापत असेल तर वॉरंटीचं काय, ते आधी विचारा.

विक्रेता सांगेल, विम्यात सवलत मिळते. जुन्या दरपत्रकाप्रमाणे एआरएआयनं मान्य केलेल्या यंत्राला गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, तेही कमाल ५०० रुपये. एवढ्यासाठी काही घेऊ नका.

विम्याचा खरा मुद्दा वेगळाच आहे. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. सर्वंकष विमा असला तरी भरपाई घोषित किमतीइतकीच, आणि तीन वर्षं उलटलेल्या गाडीची ती किंमत ४० टक्क्यांनी घटलेली असते. दाव्याच्या वेळी कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक ड्रायव्हरकडे, एक हरवलेली, अशी स्थिती असेल तर तिथे खडाजंगी होते. म्हणून दुसरी चावी आज कुठे आहे ते बघा. गाडी गेली तर त्याच दिवशी एफआयआर करा आणि कंपनीला लेखी कळवा.

काहीजण विचारतात, दहा-अकरा वर्षांच्या गाडीला कुलूप कशाला? तिच्या सुट्या भागांनाही बाजार आहे, आणि विमा उतरवून हाती फारसं येत नाही. अशा गाडीला तर ते आधी लावा.