कोर्स कोणता लावू?



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून मोहल्ल्यातले पालक मला हमखास विचारतात, ‘मुलाला कोणता कोर्स लावू?’ प्रश्न काळजीपोटी असतो. पण आज सहावीत असलेला मुलगा नोकरीच्या दारात उभा राहील, तोवर दहा वर्षं गेलेली असतील. चॅटजीपीटी नोव्हेंबर 2022 मध्ये आलं आणि आमच्या कामाची पद्धतच बदलली. मग आज शिकवलेलं सॉफ्टवेअर दहा वर्षांनी उपयोगी पडेल, याची हमी कोण देणार?

टिकणारी कौशल्यं वेगळी आहेत. मोठा प्रश्न लहान तुकड्यांत फोडणं, पायऱ्या क्रमाने मांडणं, चूक शोधणं, आलेलं उत्तर तपासणं. ही शिकायला सुरुवातीला कॉम्प्युटरही लागत नाही.

एक खेळ सांगतो. मी 1 ते 100 मधली एक संख्या मनात धरतो. तुम्ही फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर येईल असे प्रश्न विचारा. एकेक संख्या विचारत गेलात तर 99 प्रश्नही लागू शकतात. पण ‘50 पेक्षा मोठी आहे का?’ असं विचारत दर वेळी निम्म्या संख्या गाळल्या, तर 7 प्रश्नांत उत्तर सापडतंच. 1 ते 1000 साठी किती लागतील? फक्त 10! क्रमाने लावलेल्या माहितीत कॉम्प्युटरही असंच शोधतो. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठाचा ‘सीएस अनप्लग्ड’ हा अशाच खेळांचा संग्रह आहे आणि तो मोफत मिळतो.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आहे. पण ते आपल्या शाळेत पोहोचायची वाट बघत बसलो, तर आजची सहावी दहावी होऊन निघून जाईल.

‘अल्गोरिदम’ हा शब्द नवव्या शतकातल्या बगदादच्या अल-ख्वारिझ्मींच्या नावावरून आला, हे आपण अभिमानाने सांगतो. जरूर सांगावं. पण नुसत्या अभिमानाने उर्दू शाळेतल्या पोरीला बीजगणित येत नाही. कुणीतरी शेजारी बसून शिकवलं की येतं.

‘पोरीला’ हे मुद्दाम म्हणालो. घरात एकच स्मार्टफोन असला, तर तो बहुतेक वेळा भावाच्या हातात असतो. वही-पेन्सिलीवर शिकवलं तर ती मागे पडत नाही.

आणि एआय? ते चुकीचं उत्तरही छातीठोकपणे देतं. ‘हे बरोबर कशावरून?’ असं विचारायची सवय मुलांना आत्ताच लागायला हवी. नुसत्या पाठांतराला मार्क देऊन ती लागणार नाही.

इथे डिग्री, डिप्लोमा, बीएस्सी करणारे कितीतरी जण बसले आहेत. माझं मागणं छोटं आहे. मोहल्ल्यातली एक खोली, दहा मुलं, त्यांत निम्म्या मुली, आणि दर रविवारी तुमचे दोन तास. वर्षभर, खाडा न करता.

येत्या रविवारी कोण सुरुवात करतंय, ते आज उठण्याआधी मला सांगा.