बाळंतपणाचा खाडा

‘खाडा’ हा शब्द मराठी घरांना परका नाही. धुण्याभांड्यास येणारी बाई एखादे दिवशी आली नाही, की घरची गृहिणी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेवर फुली मारते. तो खाडा होय. मुंबईच्या गिरण्यांत हाच शब्द रूढ होता, आणि आज उसाच्या फडातही तोच ऐकू येतो. काम नाही तर दाम नाही, हा व्यवहाराचा साधा नियम या दोन अक्षरांत सामावला आहे. या नियमास एका अवस्थेचा मात्र अपवाद व्हावयास हवा. बाळंतीण कामावर येत नाही, हा तिचा आळस नव्हे, की हौसही नव्हे. त्या दिवसांत ती समाजाची पुढची पिढी वाढवीत असते. मग त्या खाड्याचा भार कोणी सोसावा? तिने एकटीने, तिच्या मालकाने, की सर्वांनी मिळून? प्रसूतिभत्त्याच्या कायद्यांचा शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नास दिलेल्या निरनिराळ्या उत्तरांचा इतिहास आहे.

१९२० च्या सुमारास मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामकऱ्यांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. त्यांपैकी बहुतेकजणी सूत गुंडाळण्याच्या खात्यांत नायकिणीच्या हाताखाली काम करीत. दिवस भरत आले तरी त्यांना काम सोडवत नसे; कारण काम सुटले की मजुरी सुटे, आणि मजुरी सुटली की सावकाराचे दार गाठावे लागे. बाळंतपणानंतर ती बाई लवकरात लवकर पुन्हा गिरणीत उभी राही, आणि तान्ह्या मुलाने दिवसभर रडू नये म्हणून त्याला अफूची बाळगोळी दिली जाई. १९२१ साली मुंबईत नोंद झालेल्या जन्मांच्या मानाने बालमृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. पुष्कळ जन्मांची नोंदच होत नसे, हे ध्यानात घेऊनही तो आकडा भयंकरच म्हटला पाहिजे. याच सुमारास मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांकडून गिरणीतील स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करविली, आणि चाळींतील अंधाऱ्या खोल्यांमधील ही कहाणी सरकारी कागदावर आली.

तत्पूर्वी १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचे पहिले अधिवेशन भरले होते. तेथे झालेल्या प्रसूतिसंरक्षणाच्या करारात बाळंतपणापूर्वी सहा आठवडे व नंतर सहा आठवडे विश्रांतीची तरतूद होती. परंतु त्यातील सर्वांत महत्त्वाचे कलम पैशाविषयी होते. माता व मूल यांच्या निर्वाहाची रक्कम सार्वजनिक निधीतून किंवा विम्याच्या योजनेतून द्यावी, असे त्यात म्हटले होते. बाई ज्याच्याकडे कामास असेल त्या एकट्या मालकावर हा भार टाकावा, असे त्या करारात कोठेही नव्हते. हिंदुस्थान सरकारने तो करार स्वीकारला नाही. त्या परिषदेस कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेलेले नारायण मल्हार जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याचे विधेयक आणले. १९२५ साली ते फेटाळले गेले.

पुढे हा प्रश्न मुंबई प्रांताच्या कायदेमंडळापुढे आला. जुलै १९२८ मध्ये तेथील चर्चेत डॉ. भीमराव आंबेडकर यांनी विधेयकास पाठिंबा देताना जो विचार मांडला, तो आजही मननीय आहे. मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्यामुळे तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावयास हवा, हे त्यांनी मान्य केले. तथापि सरकार तो उचलीत नाही, एवढ्यावरून मालक मोकळा सुटत नाही. स्त्रियांना कामास लावण्यात त्याचा स्वतःचा लाभ असतो आणि त्या लाभाबरोबर ही जबाबदारीही येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२९ साली कायदा झाला. भत्त्याचा दर दिवसाला आठ आणे ठरला आणि ते देण्याचे दायित्व गिरणीमालकावर आले.

कायद्याने हजारो घरांत प्रथमच बाळंतिणीच्या हाती पैसा दिला, हे त्याचे श्रेय निर्विवाद होय. पण त्याच्या रचनेत एक उणीव राहून गेली. ज्या मालकाने स्त्रियांना कामावर ठेवावे त्यालाच भत्ता द्यावा लागे. ज्याने त्यांना काढून पुरुष ठेवावेत त्याला एक पैही खर्च नव्हता. जो चांगले वागेल त्यालाच भुर्दंड, असा हा प्रकार झाला. पुढील अर्धशतकात मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घसरत जाऊन अगदी नगण्य उरले. याचे कारण केवळ प्रसूतिभत्ता होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. रात्रपाळीत स्त्रियांना कामास मनाई होती, यंत्रे बदलत होती, आणि कामकऱ्यांची संख्या कमी करण्याचे धोरण सर्वत्र चालू होते. परंतु या कारणांत भत्त्याच्या खर्चानेही आपली भर घातली, हे नाकारता येत नाही.

या उणिवेवरचा उपाय वॉशिंग्टनच्या करारातच होता. तो म्हणजे विमा. डॉ. आंबेडकर मध्यवर्ती सरकारात मजूरमंत्री असताना प्रा. अडारकर यांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला, आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. यात प्रत्येक कामगारामागे, मग तो पुरुष असो वा स्त्री, मालकाने ठरावीक वर्गणी भरावयाची असते. २०१९ पासून ती मालकाकडून वेतनाच्या सव्वातीन टक्के व कामगाराकडून पाऊण टक्का आहे. बाळंतपणाचा भत्ता या सामाईक निधीतून दिला जातो. स्त्रीस कामावर घेतल्याने मालकाचा खर्च एका पैनेही वाढत नाही. न्याय आणि व्यवहार यांची सांगड घालण्याचा याहून सुबक मार्ग क्वचितच सापडेल.

मात्र या विम्याला वेतनाची मर्यादा आहे. २०१७ पासून ती साधारणतः दरमहा २१,००० रुपये होती. त्याहून अधिक वेतन असणाऱ्या स्त्रियांसाठी १९६१ चा प्रसूतिलाभ कायदा झाला, आणि त्यात भार पुन्हा एकट्या मालकावरच राहिला. २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी सवेतन रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेण्यात आली. ही वाढ योग्यच होती. परंतु वाढीव वेतनाचा वाटा शासनाने उचलला नाही. नोकरीच्या मुलाखतीत तरुण विवाहितेकडे साशंकतेने पाहिले जाते, त्याचे मूळ येथे आहे. नोव्हेंबर २०२५ पासून १९६१ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. पण खर्चाचे हे तत्त्व बदललेले नाही.

येथवर ज्या स्त्रियांची गोष्ट झाली, त्यांना निदान मालक तरी होता. जिचा मालक कागदावर सापडत नाही, तिची गोष्ट निराळी आहे. दिल्ली महापालिकेकडे रोजंदारीवर खपणाऱ्या स्त्रियांनाही हा लाभ मिळावा यासाठी सर्वोच्च न्यायालयास २००० साली निर्णय द्यावा लागला. उसाच्या फडात तर गुंतागुंत आणखी वाढते. तेथे नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, उचल मुकादमाकडून घेतलेली असते, आणि खाडा झाला की दंड कापला जातो. २०१९ साली महाराष्ट्र शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढून टाकलेले आढळले. अशा शस्त्रक्रियांमागे अज्ञान, भीती आणि वैद्यकातील लोभ ही कारणे होतीच. पण दुखण्याला सुटी नाही आणि खाड्याला क्षमा नाही, हेही त्यांतील एक कारण होते. ज्या व्यवस्थेत स्त्रीला आपला देहच कामाच्या आड येणारी अडचण वाटू लागतो, तेथे कायदा पोहोचलेला नाही, असेच म्हणावे लागते.

अशा स्त्रियांसाठी भार समाजाने उचलावा, हे तत्त्व कायद्याने स्वीकारले आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात प्रत्येक गर्भवतीस व स्तनदा मातेस किमान ६,००० रुपये देण्याची तरतूद झाली; सरकारी नोकरीतील व अन्य कायद्यान्वये असाच लाभ मिळणाऱ्या स्त्रिया तेवढ्या वगळल्या. प्रत्यक्ष योजना २०१७ साली आली, ती पहिल्या अपत्यापुरती आणि ५,००० रुपयांची. पुढे दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये देण्याचे ठरले. पाच हजारांची ही रक्कम २६ आठवड्यांवर वाटली, तर दिवसास २८ रुपयेही पडत नाहीत. कचेरीतील स्त्रीस तितक्याच काळाचे पूर्ण वेतन मिळते. दोन्ही बाळे एकाच देशात जन्मतात, आणि दोघींच्या देहास विश्रांती सारखीच लागते.

हा अन्याय दूर करावयाचा तर वेगळे तत्त्व शोधावयास नको; विम्याचे तत्त्व रुंद करावयास हवे. उसाच्या प्रत्येक टनामागे, बांधकामाच्या खर्चामागे, अथवा घरकामाच्या वेतनामागे थोडी रक्कम सामाईक निधीत पडली, तर एकाही मालकास भुर्दंड न होता बाळंतीण निश्चिंत राहू शकते.

तोपर्यंत सुशिक्षित घरांनाही या प्रश्नातून सुटका नाही. कारण घरकाम करणाऱ्या बाईचे मालक ते घरच असते. महाराष्ट्रात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळ झाले असून नोंदणी केलेल्या स्त्रीस बाळंतपणाचे साहाय्य मिळण्याची सोय त्यात आहे. तिची नोंदणी झाली आहे की नाही, हे विचारणे घरास अवघड नाही. ती बाळंत होऊन परत येईतो तिचे काम तिच्यासाठी राखून ठेवणे, आणि चार-सहा घरांनी मिळून त्या काळातील तिचे वेतन चालू ठेवणे, हेही अशक्य नाही. ज्या गृहिणीने स्वतः २६ आठवड्यांची सवेतन रजा घेतली आहे, तिला दिनदर्शिकेवरील त्या फुल्यांचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.