कापसाच्या मुलखातलं वाचन

आदिलाबाद जिल्ह्यातल्या उटनूर परिसरात मराठी बोलणारी, वाचणारी घरं बरीच आहेत. पलीकडचा किनवट तालुका तर 1956 पर्यंत याच जिल्ह्यात होता. इथल्या वाचकांपैकी कुणी चांगली कादंबरी शोधायची कशी, असं विचारलं तर मी सांगेन, आधी आपल्या मातीतली घ्या.

उद्धव शेळके यांची ‘धग’ 1960 मध्ये आली. कौतिक नावाची बाई हलाखीतून आपला संसार ओढत नेते. संवाद वऱ्हाडी बोलीत आहेत, म्हणून ही कादंबरी मोठ्यानं वाचावी. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ती चटकन भिडेल. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ या कादंबरीला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकूनही नोकरी न मिळालेला, शेतीत अडकलेला तिच्यातला एकनाथ तुम्हाला उटनूरच्या बाजारातही ओळखू येईल. कापूस पेरणाऱ्या प्रत्येक घरानं ती वाचावी, असं मला मनापासून वाटतं.

साहित्य अकादमी दरवर्षी 24 भाषांमधल्या पुस्तकांना पुरस्कार देते. त्या पुरस्कारांच्या यादीत दुसऱ्या भाषांकडेही बघा. गोपीनाथ महांती यांच्या ‘अमृतर संतान’ या ओडिया कादंबरीला 1955 मध्ये, म्हणजे पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी, हा मान मिळाला. ती कोंध आदिवासींच्या जगण्यावर आहे. गोंडांच्या शेजारात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ती परकी वाटणार नाही.

यादी हे फक्त दार आहे. पुरस्कार मिळाला म्हणून पुस्तक आवडलंच पाहिजे, असं नाही. ग्रंथालयात उभ्यानं पहिली दहा पानं वाचा. माणसं जिवंत वाटली, तर घरी न्या.