प्रवाह आणि व्याधी



ज्यांच्या सहवासात आयुष्यभर रुग्णसेवा केली, त्या सहव्यवसायी मंडळींनी हे अध्यक्षपद माझ्याकडे सोपवले, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. व्यवसायाच्या अडचणींची कैफियत मांडण्याऐवजी, ज्या एका प्रश्नाने मला दीर्घकाळ विचार करावयास लावले, तोच आज आपल्यापुढे ठेवतो. रक्तातील मेद, साखर आणि तंबाखूचे विष ही देहभर सारखीच फिरत असताना हृदयाच्या रोहिण्यांत मेदाचा थर ठरावीक जागीच का धरतो, हा तो प्रश्न होय.

शवविच्छेदनात ज्यांनी या रोहिण्या उघडून पाहिल्या आहेत, त्यांना याचा निराळा दाखला नको. डावी मुख्य रोहिणी जेथे दुभंगते, तेथे प्रवाहाला छेदणारी मधली कड बहुधा निर्मळ असते आणि तिच्यासमोरच्या बाहेरील भिंतींवर थर आढळतो. रोहिणी वळते तेथे तो वळणाच्या आतल्या अंगास दिसतो. नदीच्या वळणावर आतल्या काठाला गाळ धरतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला येथे साम्य सुचणे स्वाभाविक आहे. परंतु ते अर्ध्या वाटेपर्यंतच साथ देते, कारण रोहिणीचा अंतःस्तर सजीव आहे आणि अंगावरून जाणारा प्रवाह तो जाणतो.

रक्त भिंतीवर दोन बले चालवते : दाब तिला बाहेर रेटतो, घर्षण तिला प्रवाहाच्या दिशेने ओढते. पाऱ्याच्या १२० मिलिमीटर दाबाचे मान सुमारे १६,००० पास्कल भरते, तर निरोगी रोहिणीतील घर्षणताण अवघा एक-दोन पास्कल, म्हणजे त्याचा सुमारे दहा हजारावा हिस्सा असतो. एवढ्या क्षीण स्पर्शावर अंतःस्तराच्या पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन शिस्तीने मांडल्या जातात आणि रोहिणी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड निर्माण करतात. जेथे हा स्पर्श मंदावतो किंवा प्रत्येक ठोक्यागणिक उलटसुलट होतो, तेथे पेशींची मांडणी विस्कटते, मेदकण आत शिरतात, पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटून त्यांच्यामागून जातात आणि व्याधीची वहिवाट सुरू होते.

हे सत्य वादातून निष्पन्न झाले. १९६८ मध्ये अमेरिकेतील डोनाल्ड फ्राय यांनी अतितीव्र घर्षणाने अंतःस्तर जखमी होतो असे प्रयोगाने दाखवले. पुढच्याच वर्षी लंडनच्या कॉलिन कॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थर मंद घर्षणाच्या जागी बसतो असे मांडले. १९८५ मध्ये कु, गिडेन्स, झॅरिन्स आणि ग्लागॉव्ह यांनी मानेतील रोहिणीच्या दुभंगावर मंद आणि दोलायमान घर्षणाची जागा थराच्या जागेशी जुळते हे मोजून दाखवले आणि निकालाचा कल कॅरो यांच्या बाजूने झुकला.

यात चिकित्सकासाठी एक इशारा आहे. १९८७ मध्ये ग्लागॉव्ह यांनी दाखवले, की थर वाढू लागताच रोहिणी बाहेरच्या अंगाने रुंदावते आणि थराने सुमारे ४० टक्के क्षेत्र व्यापेपर्यंत आतली वाट बहुधा अरुंद होत नाही. अँजिओग्राफीच्या चित्रात वाटेची छाया उमटते, भिंतीची नव्हे. म्हणून निर्दोष दिसणाऱ्या चित्रावर रोगमुक्तीचा शेरा मारताना लेखणी थोडी थांबावी.

रोहिणीची वळणे आणि दुभंग निसर्गदत्त आहेत. ते सरळ करण्याचा अधिकार आपणांस नाही. त्या वळणावरून कोणते रक्त वाहावे, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या आणि रुग्णाच्या स्वाधीन आहे, कारण नुसत्या मंद प्रवाहाने हा रोग होत नाही. त्याला मेद, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांची साथ लागते.

अरुंद काचनळ्यांतील प्रवाहाचा नियम शोधणारे प्वाझय वैद्यकाचे पदवीधर होते, आणि १८०८ मध्ये हृदय व रोहिण्यांच्या कार्यावर व्याख्यान देणारे टॉमस यंग हेही वैद्यच होते. वैद्यक आणि पदार्थविज्ञान यांच्यामधली भिंत नंतर आपणच उभारली. तरुण मित्रांनो, ती पाडण्याचे काम तुमच्या पिढीकडे सोपवतो : रोहिणीत अडथळा दिसला की तो किती आहे एवढेच लिहून दप्तर मिटू नका, तो तेथेच का झाला हे विचारा, आणि उत्तरासाठी अभियंत्याला आपल्या शेजारी बसवा.