यंत्र श्वास देते, नळी परिचारिका सांभाळते

(सहाय्यकांच्या मेळाव्यात अतिदक्षता विभागातील एका प्रशिक्षक परिचारिकेने केलेले भाषण)



दवाखान्याला काय हवे, असे तुम्ही प्रेमाने विचारता, तेव्हा बहुधा आम्ही एखादे यंत्र सांगतो. आज मी यंत्राशेजारी उभ्या असणाऱ्या मुलीविषयी बोलणार आहे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात व्हेंटिलेटरवर कोण येते? २०१७ चा पावसाळा तुम्हाला आठवत असेल. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात सुमारे २० शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात आले. काही कीटकनाशकांनी तोंडात व फुप्फुसांत स्राव दाटतो, श्वासाचे स्नायू लुळे पडतात. सावरलेला रोगीसुद्धा एक ते चार दिवसांत पुन्हा श्वासाला कमी पडू शकतो.

दुसरा रोगी मण्यार चावलेला. पोडावर जमिनीवर निजलेल्या कोलाम किंवा गोंड माणसाला ती रात्री चावते. फारसे दुखत नाही, सूजही नसते. पहाटे पापण्या मिटू लागतात, घास गिळवत नाही, मग श्वास थांबतो. सर्पविषावरचे औषध द्यावेच लागते. पण स्नायूंत बळ येईपर्यंत काही दिवस श्वास चालू ठेवला, तर असा माणूस पुष्कळदा पूर्ण बरा होऊन चालत घरी जातो. ते काही दिवस एका नळीवर अवलंबून असतात.

ही नळी करंगळीहूनही बारीक. कफाने ती तुंबली किंवा कूस बदलताना निसटली, तर लाखोंचे यंत्र नुसते ओरडत राहते. म्हणून आम्ही परिचारिकांना पुतळ्यावर पुन्हा पुन्हा सराव देतो. कफ घड्याळ पाहून काढायचा नाही. छाती ऐकून, गरज असेल तेव्हाच काढायचा. आधी हात धुवायचे, भरपूर ऑक्सिजन द्यायचा. कफ ओढायची नळी आतल्या पोकळीच्या निम्म्याहून जाड नको, आणि एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त ओढायचे नाही. सलाईनचे थेंब सवयीने सोडायचे नाहीत. नळीभोवतीच्या फुग्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाणी इतका ठेवायचा: कमी झाला तर लाळ फुप्फुसात उतरते, जास्त झाला तर श्वासनलिकेला जखम होते. उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, तोंड स्वच्छ, नळी ओठांजवळ किती आकड्यावर बांधली आहे त्याची प्रत्येक पाळीला नोंद. आणि हाताने श्वास द्यायची अंबू बॅग खाटेला कायम लटकवलेली, कारण वीज केव्हा जाईल ते सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र पुतळ्यावर शिकवता येत नाही. मण्यारीच्या विषाने लुळा पडलेला रोगी डोळे उघडू शकत नाही, बोट हलवू शकत नाही, पण पुष्कळदा तो जागा असतो. त्याला सगळे ऐकू येते. त्याच्या खाटेशी उभे राहून "हा काही वाचत नाही" असे कोणी म्हटले, तर तेही त्याच्या कानी पडते. म्हणून कफ काढण्यापूर्वी त्याला सांगायचे: दादा, आता खोकला येईल, घाबरू नका, मी इथेच आहे. गोंडी किंवा कोलामी येणारी परिचारिका हे त्याच्या मायबोलीत सांगते, तेव्हा त्याला केवढा आधार वाटत असेल!

म्हणून तुमच्याकडे तीन मागण्या आहेत. यंत्रासाठी देणगी द्याल तेव्हा प्रशिक्षणासाठीही काही राखून ठेवा. सराव एकदा करून पुरत नाही, दर काही महिन्यांनी उजळणी लागते. पोडांवरच्या शिकणाऱ्या मुलींना नर्सिंगला पाठवण्यासाठी हात द्या. आणि पावसाळ्यापूर्वी आपल्या ओळखीच्या घरांत खाट व मच्छरदाणी पोहोचवा. गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी मण्याराला पुष्कळदा बाहेरच ठेवते. त्या घरातला माणूस आमच्या विभागात आलाच नाही, तर आम्हाला आनंदच आहे.

श्वास ही देवाची देणगी, असे आपण मंडळीत म्हणतो. रात्रपाळीत ती देणगी जपणाऱ्या या मुलींसाठी प्रार्थना करत राहा.