डागडुजीनंतरचा तोल

नवं रॉकेट सगळेच उडवतात. आज बोलूया तुटून परत आलेल्या रॉकेटबद्दल.

मॉडेल रॉकेट पॅराशूटनं उतरलं तरी शेपटीचा एखादा पंख आपटून निखळतो. पोरं काय करतात? इपॉक्सी थापतात, वर आणखी एक थर. पंख पक्का बसतो, पण मागे वजन वाढून गुरुत्वमध्य मागे सरकतो. तो दाबकेंद्राच्या पुढे निदान एका व्यासाएवढा हवाच. 25 मिलिमीटरची नळी, तर 25 मिलिमीटर. नाहीतर रॉकेट गिरक्या घेत कुठेही जाईल, बघ्यांच्या अंगावरसुद्धा.

तपासायला दोरा पुरतो. मोटार आणि पॅराशूट आत ठेवा. इग्नायटर लावू नका. रॉकेट आडवं तोललं जातं तिथे दोरा बांधा आणि डोक्याभोवती फिरवा. नाक पुढे राहिलं तर ठीक. नाहीतर नाकात थोडी क्ले भरा.

आता एकूण वजन वाढलं. सी6-5 मोटारीतले शेवटचे 5 म्हणजे जोर संपल्यापासून पॅराशूट बाहेर पडेपर्यंतचे सेकंद. जड रॉकेट तोवर खाली सुसाटलेलं असतं, पॅराशूट फाटतं. तिथे सी6-3 बरी.

मोटार घरी भरायचं मला विचारूच नका. दारूगोळ्याजवळ नोकरी काढलेला माणूस सांगतोय. 1950च्या दशकात अमेरिकेत तयार मोटारी आल्या, त्या पोरांचे हात शाबूत राहावेत म्हणूनच.

आणि बटण दाबूनही पेटलं नाही, तर आधी कंट्रोलरची चावी काढा. पूर्ण मिनिटभर थांबा. मगच जवळ जा.